तीनचाकी सायकलीसाठी बेचाळीस किलोमीटर

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या आतेभावाचे. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले. गावची शाळा संपल्यावर मी वसईजवळ गोखिवऱ्याला आत्याच्या चाळीत राहायला आलो, आणि तिथे दोन खोल्यांत बसून त्याने माझं गणित, माझं इंग्रजी, शेवटी माझं बी.कॉम. करून घेतलं. कॉलेजचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणून त्याचं राहिलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पेढे वाटले त्या दिवशी तो म्हणाला, "पेढा बरा आहे. पदवी पायांना देतात हे मात्र मला माहीत नव्हतं."

नोकरी लागल्यावर मी त्याला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल घ्यायचं काढलं. तोवर कुठेही जायचं तर कुणीतरी त्याला पाठुंगळी घ्यायचं, बहुतेक मीच. तो भडकला. "तुझा पगार मीच मिळवून दिला. आता सायकलही मीच घ्यायची?"

आत्याने समजावलं, मी हात जोडले. नाही म्हणजे नाही.

"अनोळखी माणसाने दिली तर घेईन," तो म्हणाला. "त्याच्या मानेचा मळ मी रोज बघितलेला नसतो."

त्या सुमारास वसईतल्या एका संस्थेने मॅरेथॉन ठेवली. धावणाऱ्यांनी ओळखीपाळखीतून देणग्या जमवायच्या, त्यातून अपंगांना सायकली. मी विचारलं, एक माझ्या भावाला मिळेल का? सेक्रेटरी म्हणाले, "मिळेल की. त्यांना फक्त मैदानावर आणा."

भाऊ तयार झाला. "म्हणजे तू पळणार आणि लोक पैसे देणार? तुला पळताना पाहिलंय का त्यांनी?"

पाहिलं नव्हतं. मी तर बस पकडायलाही कधी धावलो नव्हतो. पहाटे कॅनव्हासचे बूट घालून निघालो की कारखान्यांच्या गाळ्यांबाहेर चहा पिणारे कामगार ओरडायचे, "साहेब, कुत्रं गेलं, थांबा आता!" देणगी मागायला गेलं की माणसं आधी माझ्या पोटाकडे बघायची. एक वाडीवाले काका म्हणाले, "पळतोस कशाला? माझ्या वाडीत शिंपण कर. तेवढेच देतो, केळींचं तरी भलं होईल." पण त्यांनी दिले. सगळ्यांनीच हसत हसत दिले, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

भाऊ दारात पाट टाकून माझी वाट बघायचा. "आई, पाणी ठेव, गाभण म्हैस आली."

एका रविवारी मी पार कळंबच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन परतलो. अंगठ्यांची नखं काळी पडली होती. आत्याने गरम पाण्याची बादली पुढे सरकवली. तो माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिला.

"दुखतात?"

"खूप."

"मजा आहे तुझी," तो म्हणाला.

शर्यत वसईतल्या एका शाळेच्या मैदानातून निघून तिथेच संपायची होती. आत्या त्याला रिक्षाने घेऊन आली. नवा शर्ट, केसांना तेल. मी निघालो तेव्हा त्याने टोमणा मारला नाही, नुसता हात वर केला.

परतीच्या वाटेवर माझ्या पोटऱ्या धरल्या. थोडं धावायचं, बरंच लंगडायचं. पाणी देणाऱ्यांनी टेबलं आवरली होती. एका मोटरसायकलवाल्याने "सोडू का?" विचारलं. पण मला पळूनच पोचायचं होतं. ती सायकल त्याला पळूनच द्यायची होती.

मी मैदानात शिरलो तेव्हा मंडप सोडत होते. दोघे जण काखेत हात घालून माझ्या भावाला सायकलवरून उचलत होते. त्यांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं आणि सायकल टेम्पोत चढवली.

"ही दुसऱ्या कार्यक्रमाला जातेय," सेक्रेटरी म्हणाले. "वाटपाला पाहुणे आलेत तिकडे. तुमची मागवलीये, कळवतो."

कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं. भावाच्या गळ्यात सत्काराचा हार तसाच होता.

"तीन फेऱ्या मारल्या," तो म्हणाला. "एकट्याने. वेळेवर आला असतास तर दिसलो असतो."

आत्या दुसरीकडे बघायला लागली. मी खाली बसून पाठ पुढे केली. तो तिला म्हणाला, "रिक्षावाल्याला सांग उचलायला."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. एका घरात राहूनही, एका पातेल्यातली भाजी वाढून घेऊनही नाही. संस्था "मागवलीये" म्हणत राहिली. दिवाळी गेली. माझी नाशिकला बदली झाली. निघताना नमस्काराला वाकलो, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला. नाशिकहून मी त्याला पत्र पाठवलं:

"दादास सा. न.

सायकल शनिवारी टेम्पोने येईल. माझ्या पगारातून घेतली आहे. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. आत्याला यातलं काही माहीत नाही, तिला बोलू नकोस. साखळीला तेल घालून घे.

मी बघायला येणार नाही. माझ्यासाठी फेऱ्या मारायची गरज नाही.

नकोच असेल तर भंगारात देऊ नकोस. स्वतः चालवत पाचूबंदरला ने आणि जेट्टीवरून समुद्रात ढकल. परत कसं यायचं ते तुझं तू बघ."