लेसरआधीचे सहा आठवडे

आपा केस काढायच्या दोऱ्याचं एक टोक दातांत धरूनच बोलायची. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडे. गिऱ्हाईक जरा हललं की एकच शब्द: "थांब." हात चालू असल्याशिवाय ज्यांना बोलताच येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपा त्यातली.

मंचरला माझ्या मेडिकलशेजारच्या गाळ्यात तिचं पार्लर. माहेर जुन्नरचं, शिंप्याच्या घरातलं. नव्वदच्या सुमारास तिनं दुकान थाटलं तेव्हा फक्त नवऱ्या मुली यायच्या, त्याही आईच्या पहाऱ्यात. पुढे कॉलेजच्या मुली येऊ लागल्या. हनुवटीवर केस असलेली मुलगी आधी माझ्याकडे येऊन केस काढायचं क्रीम न्यायची. चेहऱ्यावर पुरळ उठलं की आपाकडे जायची. "ताई, तुमचं क्रीम हारलं की माझा दोरा," असं आपा मला खुशाल सुनवायची.

लोणीची एक मुलगी दर आठवड्याला यायची. डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला. डी.एड. करत होती आणि वर्गात पाठ घ्यायची वेळ आली की आजारी पडायची. पुण्याच्या मावशीनं तिच्यासाठी लेसरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आदल्या दिवशी मुलगी पार्लरमध्ये आली. डॉक्टरसमोर असलं तोंड घेऊन कसं जायचं, म्हणाली. पाहुणे येण्याआधी घर झाडतात, तसं आपानं तिचं तोंड एकही केस न ठेवता साफ करून दिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी तशीच परत आली. लेसर केसाच्या मुळावर चालतो, आणि मुळं आपानं उपटून टाकली होती. सहा आठवड्यांनी या, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं.

 पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून आपा एस.टी.नं पुण्याला गेली आणि स्वतःच्या हनुवटीवरचे चार केस दाखवायचं निमित्त करून डॉक्टरांसमोर बसली. विचारायचं ते सगळं विचारून आली. तुमचे पांढरे आहेत, त्यांच्यावर लेसर चालत नाही, असं तिला ऐकून घ्यावं लागलं. ते सांगताना ती स्वतःच हसत होती.

त्यानंतर लेसरचं नाव काढणाऱ्या प्रत्येकीची ती उलटतपासणी घेऊ लागली. पाळी वेळेवर येते का? नसेल तर आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. आतलं बिघडलेलं असेल तर वरून कितीही जाळा, केस परत येणार. एका फेरीत काही होत नाही, सहा-सात तरी लागतात. कायमचे गेले असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा. आपली कातडी सावळी, ती भाजू शकते. आधी कानामागे थोडं करून बघायला सांगा. ब्लीच नाही, ऊन नाही.

ऊन नाही हे लोणीत कसं जमायचं? कांद्याची लागवड चालू होती. मुलगी घरात बसली, तर वहिनीनं तिचं नाव लेसरवाली ठेवलं. खरी पंचाईत वेगळीच होती. त्या सहा आठवड्यांत केस उपटायचे नाहीत, फार तर वस्तरा फिरवायचा. आणि नेमके चौथ्या आठवड्यात बघायला पाहुणे येणार होते.

मुलीची आई तणतणत पार्लरमध्ये आली. मी भिंतीपलीकडून उठून गेलेच.

"पोरीच्या तोंडाला वस्तरा? उद्या दाढी येईल तिला. गुमान दोरा लाव."

"वस्तऱ्यानं केस वाढत न्हाईत, वयनी. वाढले असते तर समद्या टकल्यांनी रोज डोकं भादरलं असतं."

"तुझं काय जातंय? स्थळ आमचं मोडंल."

आपानं दोरा खाली ठेवला. "एकदा माझ्या हातानं तिचा दिस वाया गेलाय. आता म्या न्हाई लावणार. दुसरीकडं जायचं तर जा."

आई मुलीचा दंड धरून निघालीच होती. मुलगी जागची हलली नाही. "मी न्हाई जात. वस्तराच फिरवीन," म्हणाली. आपाच्या आरशासमोर बसून तिनं तो पहिल्यांदा स्वतःच्या हातानं फिरवला.

पाहुण्यांतल्या एका आत्याबाईंनी हनुवटीवरची हिरवट झाक हेरली आणि चहा पिता पिता विचारलं, दाढी करती का गं? मुलगी म्हणाली, "व्हय. इलाज चालू हाय." स्थळ मोडलं. आईनं आपाशी बोलणं टाकलं.

सहा आठवडे संपले तशी मुलगी पुण्याला गेली, आणि या वेळी काम झालं. मग फेऱ्या सुरू झाल्या, सोबत पाळी नीट येण्याच्या गोळ्याही. गोळ्या मीच द्यायचे. पुढचा पाठ तिनं स्कार्फ सोडून घेतला. सगळे केस गेले नाहीत; उरले ते कुणाला दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी तिला फरक पडला नसता. पुढच्या स्थळाला तिनं आधीच सगळं सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, बरं.

लग्नाची पत्रिका आपालाही आली. मी लोणीला गेले, आपा आली नाही. "मी मांडवात दिसले की बाया कुजबुजतात, हिची नि नवरीची वळख कशी. गिऱ्हाइकाच्या लग्नाला जायचं नसतं," म्हणाली. इतक्या वर्षांत ती एकाही लग्नाला गेली नव्हती.

संध्याकाळी वरातीची जीप मंचरमधून जाताना पार्लरसमोर थांबली. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. नवरी उतरली आणि भर बाजारात, सगळ्या वऱ्हाडासमोर आपाच्या पाया पडली. आपा ड्रायव्हरवर खेकसत होती, गाडी पुढं घे म्हणून. नवरी काही लवकर उठली नाही.