नानांची डावी सीट

कुशनवाले नाना माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बघायचे तो माणूस बसतो कसा ते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा नमस्कार केला, वडिलांची जुनी फियाट दाखवली, तर माझ्याशी एक शब्द न बोलता ते ड्रायव्हरच्या जागेवरचं रेग्झिन चाचपत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमी काउंटरला बसता काय? उजव्या अंगाला कलून बसायची सवय आहे तुमाला." मी बँकेत काउंटरलाच होते. परक्या माणसाने आपल्या बुडाची अशी खडान्‌खडा माहिती सांगावी, हे काही बरं वाटत नाही. मी जरा घुश्शातच होकार दिला.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला टेकून त्यांची पत्र्याची टपरी होती. आत काथ्याची पोती, फोमच्या लाद्या, रेग्झिनच्या गुंडाळ्या आणि भिंतीत खोचलेली चार दाभणं. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी थिएटरच्या खुर्च्या शिवण्यात घालवली होती. "पिक्चर बरा होता का वाईट, ते माका खुर्ची सांगायची," असं ते म्हणत. "वाईट पिक्चरला माणूस लई हलतो. खुर्ची लवकर फाटते." स्वतः मात्र ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. उभे राहायचे, नाहीतर काथ्याच्या पोत्याला एका कुशीने टेकायचे. जगाला बसवणारा हा माणूस स्वतः का बसत नाही, हे विचारायचं मला बरेच दिवस सुचलं नाही.

माझं काम वेगळंच होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक कंपू रविवारी सकाळी भराव घातलेल्या मोकळ्या मैदानावर जमायचा. रिकामे ड्रम मांडायचे, फक्कीने रेघा आखायच्या आणि घड्याळ लावून एकेक गाडी त्या ड्रमांमधून वळवत पळवायची. ज्याला वेळ कमी, तो पहिला. ड्रम पाडला तर दंडाचे सेकंद वाढायचे. याला ऑटोक्रॉस म्हणतात, हे आमच्यातल्या एकाने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. कंपूत बाई मी एकटीच. माझ्या फियाटला पुढे सलग बाक होतं, वर गुळगुळीत रेग्झिन. पहिल्याच रविवारी जोरात उजवं वळण घेतलं आणि मी त्या बाकावरून घसरत थेट डावीकडच्या दारापाशी गेले. पाय ब्रेकवरून सुटले, हात तेवढे स्टिअरिंगला लोंबकळत होते. गाडीने तीन ड्रम घेतले. "अगं, तू चालवतेयस का पॅसेंजर आहेस?" असं एकाने ओरडून विचारलं आणि सगळं मैदान हसलं.

नानांनी ही हकिगत ऐकली आणि ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी मला गाडीत बसवलं, हातांची घडी घालायला लावली आणि खांद्याला धरून गदागदा हलवलं. मी लगेच स्टिअरिंग पकडलं. "हात सोडा, ताई!" ते खेकसले. "हात कामाला असतात. धरायचं ते बुडानं आणि पायानं."

हे ज्ञान त्यांना थिएटरात मिळालं नव्हतं. लहानपणी कोकणात ते आजोबांबरोबर सुपारीच्या झाडांवर चढायचे. पायात दोरीचा फास अडकवायचा, पायांनी खोड धरायचं, आणि एका झाडाचा घड काढून झाला की खाली न उतरता झोका घेऊन दुसरं झाड गाठायचं. "आजो म्हणायचो, हातान धरलंस तर सुपारी कोण काढतलो, तुझो बापूस?" सोळाव्या वर्षी असाच झोका घेताना त्यांच्या पायातला फास सुटला. ते घाबरले आणि हातांवर भरवसा ठेवला. हात सुटले. गावातल्या हाडवैद्याने कंबर बसवली ती वाकडी, डावीकडे खचलेली. तेव्हापासून कुठलीच खुर्ची त्यांना धड बसेना. "सगळ्यांच्या मापाच्या शिवल्या. आमच्या मापाची कोणी शिवत नाय," म्हणाले, आणि दाभणात दोरा ओवायला लागले.

त्यांनी माझं बाक मधोमध कापून दोन सीटा केल्या. माझ्या सीटला दोन्ही बाजूंनी काथ्या ठासून असे उंचवटे केले की कंबर त्यात पाचरीसारखी बसावी. गुळगुळीत रेग्झिन काढून जाडंभरडं कापड लावलं. निवारीचा दुहेरी पट्टा शिवून मागे गाडीच्या तळाला पक्का केला. आधी पट्टा आवळायचा, मग सीट एक खाच पुढे सरकवायची, म्हणजे तो आणखी आवळतो, ही युक्ती त्यांचीच. आणि डाव्या पायाला रेटा द्यायला एक तिरकी फळी ठोकली. "हे तुमचं झाड," म्हणाले.

पुढच्या रविवारी मी वळणावर जागची हलले नाही. गाडी कलली, मी तिच्याबरोबर कलले, आणि हात इतके हलके झाले की स्टिअरिंग आपणहून फिरतंय असं वाटलं. एकही ड्रम पडला नाही. सोमवारी बँकेतून परस्पर टपरीवर गेले आणि वेळ सांगायला तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "वेळ राहू दे. हात दाखवा." तळव्यावर लाल वळ असला म्हणजे मी स्टिअरिंग आवळलं होतं, म्हणजे कुठेतरी सीट कमी पडली. मग ते त्या जागी मूठभर काथ्या आणखी भरायचे. दर सोमवारी अशी तळहातांची तपासणी व्हायची. माझा नंबर कितवा आला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

एकदाच त्यांनी काही मागितलं. "ताई, एकदा मला पण फिरवा ना त्या ड्रमांतून. पडायचं नाय, असं कसं वाटतं ते बघायचं आहे." मी म्हटलं, फिरवेन की, पुढच्या रविवारी. पण शर्यतीत ड्रायव्हरशिवाय कोणी गाडीत बसायचं नाही, असा नियम होता, आणि आटपेपर्यंत ऊन चढायचं, मग मी थेट घरी पळायचे. पुढचा रविवार मग त्याच्याही पुढचा झाला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी सोयीस्करपणे विसरले.

डाव्या सीटचं काम मागे राहिलं होतं. तीही त्यांनी शिवून बसवली, वर पट्टासुद्धा लावला. आई त्या सीटवर बसून बोरिवलीहून अंधेरीला मावशीकडे आली आणि कंबर धरून उतरली. "काय गं ही सीट? एका बाजूला उंच, एका बाजूला खोल. तुझा तो नाना म्हातारा झाला वाटतं." मी तडक टपरीवर गेले आणि नानांना ऐकवलं. काम असं कसं वाकडं झालं, म्हणून आवाजही चढवला. "नजर कमी झाली असंल, ताई," एवढंच नाना म्हणाले. मी त्यांना दुसरी संधीही दिली नाही. अंधेरीच्या एका मोठ्या दुकानातून सीट सपाट करून आणली, आणि शहाणपणा म्हणजे ती त्यांना दाखवायलाही गेले. त्यांनी वरून हात फिरवला. "काम साफ आहे," म्हणाले. आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात.

दोनेक महिन्यांनी टपरीवर नानांच्या पत्नी, वहिनी, भेटल्या. त्या सामान बांधत होत्या. टपरीची जागा जात होती, आणि पुढच्या सोमवारी दोघं कायमची गावाला निघणार होती. नाना चहा आणायला गेले होते. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "तुमची ती डावी सीट ह्यांनी दहिसरला घरी आणून शिवली हो. भरायचे, वर बसून बघायचे, परत उसवायचे. जन्मात पहिल्यांदा आपल्या मापाची केली. म्हणत, ताई फिरवणार आहे."

नाना चहा घेऊन आले तेव्हा मी काय बोलले, ते नीट आठवत नाही. "नाना, तुम्ही सांगितलं का नाही?" असं विचारल्याचं आठवतं. ते म्हणाले, "गाडी तुमची. आईला लागली ना कंबरेत. मग काय सांगायचं?"

त्या शनिवारी मी सीट काढून टपरीत नेली. "आता कशाला," नाना म्हणत राहिले. मी त्यांना वर बसवलं. वहिनींनी काथ्या पिंजून दिला, मी ठासला. डावीकडे भर, उजवीकडे खोल. दाभण माझ्या बोटात दोनदा गेलं. टाके असे पडले की नानांनी डोळे मिटून घेतले. शेवटी मी त्यांच्या खांद्यांना धरून गदागदा हलवलं. त्यांनी चटकन सीटची कड पकडली. "हात सोडा, नाना," मी म्हटलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

रविवारी दोन फेऱ्या होत्या. पहिली फेरी संपली तेव्हा मी दुसऱ्या नंबरावर होते, इतक्या वर मी कधीच आले नव्हते. घड्याळ धरणाऱ्याकडे गेले आणि सांगितलं, दुसऱ्या फेरीत मी एक माणूस बरोबर नेणार आहे. तो म्हणाला, "येडी झालीस काय? फेरी मोजली नाही जाणार. नंबर गेला समज." मी म्हटलं, जाऊ दे. एवढा सोपा निर्णय मी आयुष्यात दुसरा घेतलेला नाही.

नाना धुतलेला सदरा घालून डावीकडे बसले. पट्टा आवळला, सीट एक खाच पुढे घेतली. पहिलं वळण मी हळूच घेतलं. "असं नको," ते म्हणाले, "तुमी जसं घेता तसं." मग मी गाडी सोडली. ड्रम अंगावर यायला लागले, धूळ उडाली, गाडी एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. नानांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, तळवे वर. शेवटच्या उजव्या वळणावर, जिथे मी कधीकाळी दारापर्यंत घसरले होते, तिथे त्यांनी ते हात उचलले आणि समोर हवेत नुसते धरले. ते हात कुठे होते, हे मला माहीत होतं. ते कोकणात होते, घडापाशी.

गाडी थांबली तरी ते उतरले नाहीत. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "मी पडलंय नाय गो." मला त्यांनी अगंतुगं केलं ते तेवढं एकदाच. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी तळवे माझ्यापुढे धरले. एकही वळ नव्हता. "आता तुमचे," म्हणाले. मी हात मागे घेतले, पण त्यांनी बघितलेच. दोन्ही तळवे लालभडक झाले होते.

"दुसऱ्याला घेऊन चालवताना असं होतं," नाना म्हणाले, आणि रुमालाने तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ डोळे पुसत राहिले.

ते गावाला गेले. चार वर्षांनी वहिनींचं पत्र आलं, नाना गेल्याचं. फियाट मी पुढे विकली, तेव्हा डावी सीट आधी काढून घेतली. ती आता बाल्कनीत आहे. पाहुणे तिच्यावर बसतात आणि लगेच उठतात, म्हणतात, कुठल्या गाढवाने शिवली आहे ही? मी म्हणते, मी.