तळघरातल्या डॉक्टरांचं टपाल

प्रत्येक घरात प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते ना, किस्सेही तसेच साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या शनिवारच्या मंडळाकडे अशी एक गच्च पिशवी आहे, आणि त्यातले निम्मे किस्से ज्यांचे, त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलंही नाही!

इथे अमेरिकेत, पार्सिपनीजवळच्या एका छोट्या लायब्ररीच्या तळघरात शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका गावातल्या डॉक्टरांचा पत्रव्यवहार खोक्यांत पडून होता. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची पत्रं, औषधवाल्यांची पत्रं आणि यांनी पाठवलेल्या उत्तरांच्या नकला. नाव सांगत नाही, पणतवंडं गावातच राहतात. लायब्ररीतल्या कॅरलनं ती टाइप करायला शाळेतली व्हॉलंटियर पोरं बोलावली, तर पोरं विचारतात, "ही कुठली भाषा?" इथल्या मुलांना जोडून लिहिलेलं इंग्लिश वाचताच येत नाही, बाप्पा! आम्ही ते चार रेघांच्या वहीत हातावर पट्टी खाऊन गिरवलेलं. काम आमच्याकडे आलं.

मंडळ म्हणजे तीन माणसं. मी नागपूरची, आयटीतली. वसुधामावशी पुण्याच्या, रिटायर्ड डॉक्टर. आणि त्यांची लेक इरा, इथेच जन्मलेली, तीही डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात इराची एक पेशंट गेली. आजार उशिरा लक्षात आला. हॉस्पिटलनं सगळं तपासलं, कुणी तिला बोल लावला नाही. तिनं मात्र स्वतःला लावला. महिन्याची सुट्टी घेतली आणि आईला सांगून टाकलं, की ड्राफ्टमध्ये राजीनामा तयार आहे, सुट्टी संपली की सेंड करणार.

मावशींनी वाद घातला नाही. म्हणाल्या, मला हल्ली हायवेवर ड्राइव्ह करायची भीती वाटते, शनिवारी लायब्ररीत सोडशील का? धादांत खोटं! या बाई मनात आलं तर दोन दिवसांच्या वाटेवरच्या प्लेनोपर्यंत एकट्या गाडी मारतील.

*

पहिल्या शनिवारी इरा कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. मी मोठ्यानं वाचत होते. शहरातल्या एका बड्या स्पेशालिस्टनं पानभर सल्ला दिला होता, की पेशंटला हवापालटासाठी सहा महिने डोंगरात पाठवा. पेशंट गवळी. आमच्या डॉक्टरांचं उत्तर: "गाईंना विचारलं. त्या यायला तयार नाहीत. दुसरं काही सुचवा."

इरा फोनमधून वर न बघता हसली. मावशींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

*

मग एक टॉनिकवाला. त्यानं बाटल्या फुकट पाठवल्या होत्या आणि गुण आल्याचं प्रशस्तिपत्र मागितलं होतं. डॉक्टरांनी दिलंही! "आपल्या टॉनिकनं माझ्या घोडागाडीच्या पितळी कड्या लख्ख झाल्या. पेशंटला पाजायचं धाडस मात्र झालं नाही."

मावशींनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. म्हणाल्या, आयुष्यभर मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हना मला हेच सांगायचं होतं, पण ते पेनं फार छान द्यायचे.

*

मावशींचं आणि डॉक्टरांचं भांडणही व्हायचं. एका पत्रात त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरला सांगितलेला डोस ऐकून मावशी भडकल्याच. "ह्यांना मी तोंडी परीक्षेत नापास केलं असतं!" तावातावानं डबा उघडून चकल्या खात बसल्या. चार पत्रांनंतर त्याच माणसाला डॉक्टरांनी लिहिलेलं निघालं: "मागे मी डोस सांगितला तो चुकला. पेशंट वाचली ती माझ्यामुळे नव्हे. तुम्ही ही चूक करू नका."

मावशींनी चकली खाली ठेवली. "बरं, पास केलं," म्हणाल्या. इरानं खुर्ची आमच्या टेबलाशी ओढली.

*

मला सगळ्यांत आवडतं ते डॉक्टरांनी शहरातल्या स्पेशालिस्टला लिहिलेलं तापाचं पत्र. एका लहान मुलीचा ताप उतरत नव्हता. तिची जीभ, नाडी, झोप, सगळं बारीक लिहिलंय, आणि शेवटी: "मला कळत नाही. आपल्याला कळत असेल तर आजच कळवा. कळत नसेल तर तेही आजच कळवा."

इरानं पत्र माझ्या हातातून घेतलं. "असं सरळ लिहायचे? आय डोंट नो?" तिनं आईला विचारलं. मावशी म्हणाल्या, मला ते लिहायला वीस वर्षं लागली. त्या दिवशी इरा जोडून लिहिलेलं इंग्लिश वाचायला शिकली. अवघड वळण आलं की बोट ठेवून आईला विचारायची.

*

तिच्या सुट्टीचा शेवटचा शनिवार. खोक्यातून तिनंच एक पत्र उचललं. शेजारच्या गावातल्या तरुण डॉक्टरचं. त्याच्या हातून एक बाळंतीण गेली होती. आपण या कामाच्या लायकीचे नाही, हा पेशा सोडतोय, तुमचं मत कळवा, असं त्यानं लिहिलं होतं. निम्म्यावर इरानं पत्र माझ्याकडे सरकवलं, पुढचं मी वाचलं. मावशींनी चकल्यांचा डबा बंद केला. मला तर वाटलं, ते खोकंच उघडायला नको होतं.

मी नकलांमध्ये उत्तर शोधलं. चारच ओळी.

"मंगळवारी मी गावात नाही. माझे पेशंट तू बघ. बूट चांगले घालून ये. इकडे चिखल फार आहे."

"दॅट्स इट?" इरानं कागद उलटून बघितला. मागे कोरा.

सोमवारी पहाटे बर्फ पडला. सकाळी मावशींचा फोन आला.

"अगं, इरा कामावर गेली," म्हणाल्या. "माझे बर्फाचे बूट घालून."