भीमनगरच्या आडाचं पाणी

मामांनी माझ्यादेखत माठ ओतला.

भर दुष्काळात. कॉलेजच्या नळाची धार कधीच आटली होती. संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या मळ्यातून टँकर यायचा, आला तर. अशा दिवसांत भरलेला माठ मामांनी उचलला, प्रयोगशाळेमागच्या मोरीत पालथा केला आणि राखेनं घासायला बसले. मी दारात उभी होते. माझ्या हातात अजून पेला होता.

मामा म्हणजे आमचे शिपाई. माणूस वाईट नव्हता. घासताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आतून प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, आमच्या सरांचा आवाज आला, अगदी सौम्य.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी वेगळी सोय करू. इथं सगळ्या घरची माणसं येतात."

दुसऱ्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यासाठी एक बीकर ठेवलेलं होतं. काठाला लाल रंगाची रेघ मारलेलं. मी बी. फार्म. झालेली होते. पेपर इंग्रजीतून लिहून प्रथम वर्गात पास झालेली. आणि मी मान हलवली. "चालेल सर," म्हणाले.

मुलांनो, तुम्ही मागं फोनवर विचारलंत, आजी, तू संशोधन का सोडलंस? मी विषय बदलला. ते उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून आता नीट, क्रमानं लिहिते.

त्याआधीच्या, बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. गावाच्या विहिरीवर आम्हांला मनाई होती. पायऱ्यांच्या जुन्या बारवेत उतरून गढूळ पाणी आणायचं, तेच प्यायचं. त्या पाण्यातून माझ्या वडिलांना नारू झाला. घोट्याजवळ फोड आला, फुटला आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर पडायला लागला. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. म्हणून तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडासा. वडील खडी फोडायच्या कामावर जाऊ शकत नव्हते. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, "औषध आहे, पण ते किड्यापर्यंत पोचत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. औषध आहे. पोचत नाही.

त्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीनं, भीमनगरनं, आपला आड खोदला. ओढ्याकडेच्या खडकात, स्वतःच्या हातांनी. सरकारी मदत नाही, गावाची नाही. बायांनी दगड वाहिले. माझ्या आईनंही.

पुढं मी शिकले. धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, साखर कारखान्याच्या आधारानं औषधनिर्माणशास्त्राचं एक छोटं कॉलेज निघालं होतं. तिथं मला प्रयोगशाळा सहायक म्हणून घेतलं. सर बाहेरून पीएच.डी. करून आलेले. त्यांचा विषय ऐकला आणि मला वाटलं, हे काम माझंच आहे.

काळा आजार नावाचा एक रोग आहे. आपल्याकडे तो नाही, बिहाराकडे आहे. वाळूमाशी चावते आणि परजीवी अंगात शिरतो. आपल्या शरीरात जंतू खाणाऱ्या पेशी असतात. हा परजीवी नेमका त्यांच्याच पोटात लपून बसतो, प्लीहेत, यकृतात. माणूस तापानं झिजतो, पोट फुगतं, कातडी काळवंडते. ज्यांची घरं मातीची, ज्यांचं निजणं जमिनीवर, त्यांना तो गाठतो. औषध होतं, पण विषारी. रोगाबरोबर रोग्यालाही मारायचं. सरांचा विचार असा की औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म फुग्यांत भरायचं. जंतू खाणाऱ्या पेशी ते फुगे गिळतील आणि औषध थेट परजीवीच्या बिऱ्हाडात जाऊन पडेल. बाकी शरीराला धक्का कमी.

औषध पोचवायचं. वडिलांच्या पायाशी बसून मी हेच मागितलं होतं.

तो स्निग्ध पदार्थ अंड्याच्या बलकातून काढायचा. सर कट्टर शाकाहारी. प्रयोगशाळेत 'अंडं' हा शब्दही चालत नसे, 'कच्चा माल' म्हणायचं. कच्चा माल फोडायला कुणी तयार नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं, शेडमध्ये. मी बलक वेगळे करायचे, द्रावणात धुवायचे, पदार्थ काढून बाटलीत भरायचे आणि बाटली खिडकीतून आत द्यायचे. दारातून नाही. डिस्टिल्ड वॉटरचा संचही माझ्याच शेडमध्ये होता. पाणी उकळायचं, वाफ थंड करून थेंब थेंब गोळा करायची. तेच पाणी पुन्हा उकळायचं. पुन्हा गोळा करायचं. इंजेक्शनच्या औषधात दुसरं पाणी चालत नाही.

म्हणजे माझ्या हातचं पाणी माणसाच्या रक्तात गेलेलं चालत होतं. माठात नाही.

मला हे तेव्हाही दिसत होतं. तरी मी गप्प होते. घरात माझ्या एकटीचा पगार होता आणि ते काम माझ्या जिवाचं होतं. दोन्ही कारणं खरी.

मग उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेतून साहेब येणार असं ठरलं, मूळचे आपल्याकडचेच. ते आमचे नमुने बर्फाच्या पेटीतून घेऊन जाणार, आधी प्राण्यांवर तपासणार, जमलं तर पुढं माणसांवर. सगळी तयारी झाली आणि टँकर आला नाही. डिस्टिल्ड वॉटर संपलेलं. सर घाबरे झाले.

"पाणी आण," मला म्हणाले. "कुठूनही आण."

कुठूनही. शहरातल्या विहिरींचे तळ दिसत होते. पाणी एकाच ठिकाणी होतं, शहराला लागून असलेल्या आमच्या वस्तीच्या आडात. मी घरी गेले. आई आणि शेजारची काकू पाणी शेंदत होत्या.

"एवढ्या घागरी? कुनासाठी गं?" आईनं विचारलं.

"औषधासाठी. बिहारातल्या लोकांसाठी."

"तिकडं बी दुष्काळ हाय व्हय?"

"ताप आहे. आपल्या नारूसारखंच, गरिबाला धरतो."

"मग ने की. त्यात काय इचारायचं?"

काकू हसली. "अगं पन तुझ्या सायबाला चालंल का आपल्या आडाचं?"

"काकू, त्याची वाफ करतात. वाफेत काही उरत नाही."

"वाफंला जात नसती म्हन की! मंग आमाला बी उकळा म्हनावं येकदा."

आई हसता हसता खाली बसली. मीही हसले. मग तिघी डोक्यावर घागरी घेऊन उन्हातून कॉलेजपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आईचे पाय पोळले. मागच्या बाजूनं शेडमध्ये पाणी ओतून त्या निघून गेल्या. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. पाणी कुठून आलं, हेही कुणी विचारलं नाही.

मी संच चालवला. त्या पाण्यानं औषध तयार झालं. दुधाळ, एकसारखं, सुंदर. उरलेलं पाणी मामांनी फडक्यानं गाळून माठात भरलं.

साहेब आले त्या दिवशी मला सांगितलं होतं, शेडमध्येच थांब. पण बर्फाच्या पेटीत ठेवायच्या बाटल्या माझ्याकडे होत्या. त्या घेऊन मी खिडकीशी गेले. आत साहेब, चेअरमन आणि सर बसले होते. मामांनी पाणी दिलं. साहेबांनी पेला रिकामा केला.

"पाणी गोड आहे हो तुमचं," ते म्हणाले. "एवढ्या दुष्काळात मिळवता कुठून?"

"आमच्या चेअरमनसाहेबांची कृपा," सर म्हणाले. "त्यांच्या मळ्यातलं आहे. औषधाला वापरलंय तेही हेच."

चेअरमननी हात जोडले.

मला आईचे पाय दिसले. पोळलेले.

बाटल्या खिडकीतून आत न देता मी दारानं आत गेले. माठ ओतल्यापासून त्या दारानं मी पहिल्यांदाच आत जात होते. ट्रे टेबलावर ठेवला.

"नाही सर. टँकर आलाच नाही. हे भीमनगरच्या आडाचं पाणी आहे. माझ्या आईनं डोक्यावरून आणलंय. माठातलंही, बाटल्यांतलंही."

चेअरमननी हातातला पेला खाली ठेवला, अर्धा भरलेला. सरांचा चेहरा पांढरा पडला. मग ते साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले की बॅच दूषित झाली आहे, क्षमा करा, आम्ही नवीन पाठवू.

मीही इंग्रजीतच विचारलं, "दूषित कशानं झाली, सर?"

"बाहेर हो," सर मराठीत म्हणाले.

मी साहेबांकडे बघितलं. मोठा शास्त्रज्ञ. त्यांना सगळं कळलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. ते आपल्या पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग रिकामी पेटी उचलून गाडीत जाऊन बसले.

बाटल्या मामांनी उघडल्या. एकेक करून त्याच मोरीत ओतल्या. दूध सांडल्यासारखं पांढरं पाणी वाहत गेलं. "बाई, म्या हुकमाचा ताबेदार हाय," ते म्हणत होते. मी त्यांचा हात धरला नाही. काय धरणार? नुसती बघत राहिले. शेवटी सरांनी मामांच्या तोंडी निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नकोस.

याच माणसाला वर्गात मुलांना शिकवताना मी ऐकलं होतं की शुद्ध पाण्याला उगम नसतो. मीठ जातं, माती जाते, जंतू मरतात. पुन्हा पुन्हा वाफ केलेलं ते पाणी. त्यात काहीच उरलं नव्हतं, फक्त जात उरली होती. आणि ती पाण्यात नव्हतीच.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "गप बसली असतीस तर औषध गेलं असतं की गं तिकडं. त्या लोकांचं काय?"

मातीच्या घरात तापानं फणफणलेलं कुणीतरी, ज्याला मी कधी बघणार नव्हते, त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. पुन्हा पोचलं नाही. मी कित्येक रात्री जागीच पडून होते. दुसऱ्या कॉलेजांत अर्ज केले. सरांचा शब्द माझ्या आधी तिथं पोचलेला असायचा. ते काम मला पुन्हा मिळालं नाही. पुढं सरकारी दवाखान्यात औषधं देणारी झाले आणि तिथंच निवृत्त झाले. तशी औषधं नंतर दुसऱ्यांनी, दुसरीकडं बनवली. मी वर्तमानपत्रात वाचलं.

पण आईच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं, उशिरा का होईना. मी बोलले. ओतलं त्यांनी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या बोलण्यावर त्यांच्या ओतण्याचा बोजा मी घेणार नाही, आणि तुम्हीही कुणाला घालू देऊ नका.

दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. माठ घासला, भरला. कर्मचारी आले तेव्हा त्यांना सांगितलं, मी भीमनगरची. इथलं पाणी रोज मी भरणार. ज्याला नको असेल, त्यानं तहानलेलं राहावं. माठ ओतला जाणार नाही.

निवृत्तीपर्यंत तो माठ मी भरला. ओतायला कुणी हात लावला नाही. मी लावू दिला नसता.