नव्या गाण्याला वन्स मोअर

वेल्समध्ये, कार्डिफला आमच्या शेजारी एक सत्तरीचे गायक राहतात. तरुणपणी त्यांचं एक प्रेमगीत फार गाजलं होतं आणि लोक अजून त्यांना त्याच गाण्यावरून ओळखतात. त्यांना याचा मनापासून वैताग आहे. गेल्या वर्षी त्यांनी बऱ्याच काळाने नवा अल्बम काढला. त्यात प्रेमबीम काही नाही. पोलादाचा बंद पडलेला कारखाना, फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेची रांग, म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये राबणाऱ्या बायका. कुंपणावरून मला सीडी देताना म्हणाले, "हा कुणी ऐकला नाही, तर मी गाणं सोडणार." चार दिवसांनी मी "लव्हली आहे हं" म्हणून मोकळी झाले. सीडी मी उघडलीसुद्धा नव्हती.

अल्बमचा कार्यक्रम जवळच्या कामगार क्लबात होता. नवरा कामासाठी ग्लासगोला गेलेला, म्हणून त्याच्या तिकिटावर मी बाबांना नेलं. बाबा सांगलीचे. सहा महिन्यांसाठी आले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळले होते.

कार्यक्रम सुरू झाला आणि मला इथली रीत कळली. जुनं गाणं आलं की सगळे उभे. "हे नव्या अल्बममधलं" असं म्हटलं की निम्मी मंडळी बिअर आणायला. चौथ्या नव्या गाण्याला गायकांचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मीही त्या प्रेमगीताचीच वाट बघत होते. ते एकदा झालं की घरी जाता येईल.

गाणं संपलं. कशाबशा चार टाळ्या पडल्या. तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला गाणं आवडलं, की तो ते तिथल्या तिथे पुन्हा मागतो. आमच्याकडे मेलेला नायकसुद्धा वन्स मोअरला उठून गातो आणि मग परत मरतो. पण हे कार्डिफला कोण सांगणार? सगळा क्लब वळून आमच्याकडे बघायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बाबा, खाली बसा. इथे शेवटी मागतात."

"शेवटी कशाला? मला आत्ता आवडलंय."

गायकांनी कपाळावर हात धरून अंधारात पाहिलं. "जुनं गाणं हवंय का, सर?" त्यांनी थकल्या आवाजात विचारलं.

"नो, नो," बाबा म्हणाले. "धिस ओन्ली. सेम साँग."

गायक खुदकन हसले आणि ड्रमवाल्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा." बारवरची मंडळी ग्लास घेऊन परतली. पुन्हा मागितलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं त्यांना वाटलं असावं.

मीही तेव्हाच नीट ऐकलं. डोंगरातल्या गावची एक म्हातारी. तिच्या गावची बस बंद झाली आहे. हॉस्पिटलचं पत्र घेऊन ती स्टॉपवर उभी आहे आणि तिकडे शहरात कुणीतरी तिच्या नावापुढे गैरहजेरीची फुली मारतंय.

मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. ती फुली मी मारते.

त्यानंतर क्लबात वन्स मोअरची साथच पसरली. तीन नवी गाणी दोनदोनदा झाली आणि प्रेमगीताला वेळच उरला नाही. गायक घामाघूम आणि खूश. घरी येताना मी बाबांना विचारलं, "शब्द कळले का?"

"बस कळली," बाबा म्हणाले. "आणि ती येत नाही, हे त्याच्या आवाजात कळलं."

सोमवारी माझ्या यादीतल्या एक बाई तिसऱ्यांदा आल्या नाहीत. तीन फुल्या झाल्या की नाव यादीतून जातं. फुली मारायच्या आधी मी फोन लावला.

"बस बंद झालीय, लव्ह," त्या म्हणाल्या. "विचारणारी तूच पहिली."