मिस वीडाच्या दारातला सपाट फुटपाथ

अल्सीड ब्रूसार पहिल्यांदा मिस वीडाच्या दृष्टीस पडला तेव्हा तो आभाळातून उलटा लोंबकळत होता. निदान मिस वीडा तरी वीस वर्षं तसंच सांगत आली. पहिल्या वर्षी तो पंधरा फुटांवर होता, पाचव्या वर्षी चाळीस, आणि पुतण्याच्या लग्नात सांगताना तर त्याच्या बुटांना ढग लागले होते. खरं एवढंच की न्यू ऑर्लीन्स शहराच्या झाडखात्यातला हा माणूस तिच्या दारातल्या ओकला दोराने बांधून घेऊन वाळक्या फांद्या कापत होता आणि त्याचा पाय सटकला होता. मार्डी ग्रा सणाच्या मिरवणुकीत उडवलेल्या, फांद्यांत अडकून बसलेल्या मण्यांच्या तीसेक माळा त्याच्या गळ्यात होत्या. त्या आता नाकावर आल्या होत्या. त्या अवस्थेतही त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, जांभळी देऊ की सोनेरी?"

"आधी सरळ हो, मग बोल," मिस वीडा म्हणाली. तो सरळ झाल्यावर तिने त्याला जेवायला वाढलं. सोमवार होता, म्हणजे शहराच्या रीतीने राजमा-भात. पुढचे सगळे सोमवार त्याने तिच्याच ओसरीवर काढले.

ओक हे झाड उंच व्हायच्या भानगडीत पडत नाही, पसरतं. वर पसरतं तेवढंच खाली पसरतं, आणि वाटेत फुटपाथ आला तर तो उचलून बाजूला ठेवतं. मिस वीडाच्या दारातल्या लाद्या गुडघ्याएवढ्या वर आल्या होत्या. असल्या जागी दुसरे लोक मूळ छाटून काँक्रीट ओतून मोकळे होत. अल्सीड मात्र लाद्या काढायचा, मुळावर वाळू पसरायचा आणि जुन्या विटा बसवून उंटाच्या पाठीसारखा उंचवटा करायचा. त्याच्या हाताखालच्या गल्ल्यांतून माणूस न पिताही डुलत चाले. मूळ कापा म्हणून साहेबांनी सांगितलं, नगरसेवकाने सांगितलं, टाच मोडलेल्या एका नवरीने रडून सांगितलं. अल्सीड सगळ्यांना "नाही" म्हणाला.

मग बहात्तराव्या वर्षी मिस वीडाचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात चाकांचा वॉकर आला. वॉकर उंट चढेना. चर्चमधल्या गायनाचे तीन रविवार बुडाले. चौथ्या सोमवारी तिने राजमा वाढलाच नाही.

"अल्सीड, माझं चर्च अडीच गल्ल्यांवर आहे आणि मध्ये तुझा उंट बसलाय."

"पुतण्या गाडीतून नेईल की, मिस वीडा."

"बावीस वर्षांची होते तेव्हापासून मी या सावलीतून चालत जाते. गाडीतून उतरले की लोक दार धरतात आणि विचारतात, काय दुखतंय. खालच्या पट्टीत गाणाऱ्या आम्ही तिघी उरलोय. त्यातली एक बहिरी आहे."

"झाडाला तेवढंच मूळ घराच्या बाजूने धरून आहे."

शेजारच्या ओसरीवरून मिस्टर क्लोव्हिस म्हणाले, "काप रे बाबा. एक मूळ गेलं तर झाड काय कोर्टात जाणार आहे?"

अल्सीड हसला नाही. तिच्या पायांकडे पाहत बसला. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, तो करवत घेऊन आला. मांडीएवढं मूळ होतं. कापण्याआधी त्याने टोपी काढली, ते मिस वीडाने खिडकीतून पाहिलं. तिला हाक मारता आली असती. ती राजमा ढवळत राहिली. शनिवार असूनही तिने तो शिजवला होता.

फुटपाथ असा सपाट झाला की वर गोट्या खेळाव्यात. मिस वीडा सलग सव्वीस महिने चालत चर्चला गेली आणि बहिरीपेक्षाही मोठ्याने गायली.

तिसऱ्या सप्टेंबरात वादळ आलं. नाव देण्याच्या लायकीचंसुद्धा नव्हतं. पहाटे ओक घराकडे पाठ करून रस्त्यावर सावकाश आडवा झाला, खुर्चीत बसल्यासारखा. वीस वर्षांचे मणी कोपऱ्यापर्यंत ओघळले.

अल्सीड आला. करवत खाली ठेवून उपटलेल्या मुळांपाशी उभा राहिला. कापलेलं टोक काळं पडून कुजलं होतं. मिस वीडा वॉकर ढकलत त्याच्या शेजारी आली.

"वाऱ्याने पडलं," ती म्हणाली.

"वाऱ्याने," तो म्हणाला.

काळ्या टोकाकडे पाहत ती म्हणाली, "मी मागितलं नसतं तर..."

"तुम्ही मागितलं, मिस वीडा. कापलं मी. मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं."

"मला सांगितलं होतंस तू."

एक जांभळी माळ त्याच्या बुटाशी पडली होती. जांभळी देऊ की सोनेरी, असं तो विचारेल म्हणून तिने वाट पाहिली. त्याने ती उचलून वॉकरच्या दांड्याला अडकवली आणि करवत सुरू केली. पुढच्या सोमवारी तो आला, पण एकदाच वाढून घेतलं. मग पेन्शन घेऊन मुलीकडे बॅटन रूजला गेला.

फुटपाथ अजून सपाट आहे. सावली नसल्याने सकाळी नऊलाच तो तव्यासारखा तापतो. मिस वीडा आता पुतण्याच्या गाडीतून चर्चला जाते.