साहेबांच्या आधी महादेव

भूकंपानंतर महिनाभर मी महादेवाशी धड बोलत नव्हते. देवळात मात्र रोज जात होते. शिखर कोसळलेलं, नंदी कुशीवर पडलेला, पिंड तेवढी उघड्या आभाळाखाली जशीच्या तशी. ती बघून लोकांचे डोळे भरून यायचे आणि माझं डोकं तापायचं. स्वतःला बरं सांभाळलंस, मी मनात म्हणायचे. माझे दीर आणि जाऊ मातीखाली गेले, त्यांच्या भिंतीला हात लावायला तुला सवड झाली नाही? तरी पिंडीवर पाणी घालायचं मी सोडलं नाही. भांडण झालं म्हणून कोणी घर सोडून जातं का?

त्या दोघांची मुलगी सुमी, चार वर्षांची, माझ्यापाशी राहिली होती. मला मूलबाळ नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ती माझा पदर मुठीत धरून झोपायची. त्या सुमीला जुलाब लागले. डॉक्टरांच्या तंबूतल्या नर्सबाईंनी मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या आणि दोनदा बजावलं, "चांगल्या पाण्यातच कालवा, नाहीतर उकळून घ्या." मी मान डोलावली आणि पुडी देवळाच्या आडाच्या पाण्यात कालवली. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून माझा नेम होता, देवाच्या आडाचंच पाणी प्यायचं. ते उकळायचं म्हणजे देवावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं. महादेवाशी अबोला धरलेली मी, आणि त्याच्या आडावर मात्र एवढा भरवसा! दोन दिवसांत सुमीचे डोळे खोल गेले. रडली तरी डोळ्यांतून पाणी येईना.

खरं तर गावात दुसरं पाणीही नव्हतं. एका मोठ्या कंपनीनं शेडच्या तोंडाशी बोअर मारून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. टाकी उभी राहिली, तोट्या लागल्या. टाकीवर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत आणि आमच्या गावाचं बोटभर. यंत्र तयार झालं म्हणून तहसील कचेरीनं पाण्याचा टँकर बंद केला, आणि यंत्राच्या खोलीला मात्र कुलूप. उद्घाटनाला मुंबईचे मोठे साहेब यायचे होते आणि त्यांचं येणं आज-उद्या करत लांबत होतं. बायका येता-जाता त्या तोट्यांकडे बघायच्या आणि रिकामी घागर घेऊन आडाकडे वळायच्या.

सोमवारी सकाळी सुमीला खांद्यावर टाकून मी आडातून पोहरा ओढत होते. कंपनीचं यंत्र जोडायला उदगीरहून आलेले मिस्त्री गफूरभाई सिमेंट भिजवायला पाणी न्यायला आले. सुमीकडे बघून थबकले.

"बाई, पोरीला हे पाजता व्हय?"

"मग काय पाजू? तुमची बंद तोटी?"

"वरच्या अंगाला मेलेली जनावरं पुरलीत. झिरपा समदा हिकडंच हाय. वास घेऊन बघा."

"देवाच्या आडाला नावं ठेवता व्हय?" मी त्यांच्या अंगावरच गेले.

ते चिडले नाहीत. "आड देवाचाच हाय, बाई. पर जमीन हलली. त्यात आडाचा काय कसूर?"

मी पोहरा नाकाशी नेला. वास येत होता. खोटं कशाला बोलू, तो आदल्या दिवशीही आला होता, मीच मनातल्या मनात दाबून टाकला होता. माझ्या हातानं मी लेकराला काय पाजत होते, हे कळलं आणि मी पोहरा काठावर ठेवून दिला. "तुमच्या टाकीतलं द्या," मी म्हणाले, "पाया पडते."

"किल्ली सुपरवायझरकडं हाय. फीत कापल्याबिगर न्हाई म्हनतेत. मी दोनदा सांगून बघितलं." बादली उचलून निघता निघता ते म्हणाले, "मी लई गावांत बोअर मारले, बाई. पयलं पानी देवाला घातल्याबिगर कुनी तोंडाला लावलेलं न्हाई बघितलं. तुमच्यात काय रिवाज हाय?"

ते मुद्दाम म्हणाले की सहज, ते मी आजवर ठरवलेलं नाही. मला एवढंच वाटलं, की महिनाभर ज्याच्याशी मी बोलत नव्हते तो आता माझ्याशी बोलला. कुणाच्या तोंडून बोलायचं ते त्याचं तो बघून घेतो.

मी पोहऱ्यातलं पाणी ओतून दिलं, अभिषेकाची कळशी उचलली आणि तडक सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिले. आडावरच्या बायकाही मागोमाग आल्या.

"आज सोमवार हाय. नव्या पाण्याचा पयला मान महादेवाचा. कुलूप काढा."

"मावशी, साहेब उद्या नक्की येतायत. फीत..."

"फीत तुमची. उद्या कापा, न्हाईतर पुढल्या साली कापा. देवाची आंघोळ आज हाय. का तुमच्या सायबाचं उष्टं पाणी घालू त्याला?"

तो बिचारा गोरामोरा झाला. मागून गफूरभाई शांतपणे म्हणाले, "नव्या पायपातनं एकदा पानी सोडून बघावंच लागतंय, साहेब." कुलूप निघालं.

"एकच कळशी हं," सुपरवायझर म्हणाला. पण सोमवारचा अभिषेक प्रत्येकीचा वेगळा असतो. एकीला पाणी दिलं आणि दुसरीला नाही, असं देवाच्या दारात कसं चालेल? बायका रांगेनं आल्या. प्रत्येकीनं घागरीतलं ओंजळभर पिंडीवर घातलं आणि उरलेलं शेडमध्ये नेलं. दुपारपर्यंत गावात रिकामं भांडं राहिलं नाही.

मी कळशीत उरलेल्या पाण्यात तिथंच पिंडीपाशी पुडी कालवली आणि सुमीला चमच्या-चमच्यानं पाजत बसले. महादेवाला म्हटलं, तुझा आड सोडला, माझा नेम मोडला. माझ्या हट्टानं हिचं वाटोळं होत होतं. आता तू बघ हिच्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्यापुढे खरी वाकले.

दुसऱ्या दिवशी सुमी भोकाड पसरून रडली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. मी हसत सुटले. शेजारणीला वाटलं, मला वेड लागलं.

त्याच दिवशी साहेब आले, फीत कापली, आणि फोटोसाठी पेला माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "हे कालच तीर्थ झालंय, सायेब. आधी तुम्ही बूट काढा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले आणि तळहात पुढे केला. माणूस वाईट नव्हता. पाणीही चांगलं होतं. त्या कंपनीचे उपकार मी मानते. पण तहानलेल्या लेकरासाठी परवानगी मागत उभी राहायला मी आजही तयार नाही. देवाला शरण जायचं ते माझा हट्ट टाकून. कुणाच्या कुलपापुढे गप्प बसणं म्हणजे शरण जाणं नव्हे, एवढं त्यानं मला शिकवलं.

सुमी आता बारावीला आहे. तिच्यासाठी मी लातूरला खोली घेऊन राहते. क्लासहून ती उन्हाची येते, पुस्तकं टाकते आणि माठातलं पाणी तांब्यानंच घटाघटा पिते. मी हातातलं काम टाकून बघत राहते. "मोठ्याई, काय गं रोज अशी बघतीस?" ती विचारते.

"काही नाही," मी म्हणते, "पी."